न झिजलेले ब्रेक

“चढताना बघितलेला रस्ता मी बघितला असं धरत नाही.”

मामा हे एकदाच म्हणाला होता, सायकल मंडळाच्या पहिल्या बैठकीत, आणि तेही कोणीतरी विचारलं म्हणून. जंगलातला रस्ता एका बाजूनं जाऊन बघितला तर पुन्हा उलट्या बाजूनं जायचं खूळ कशाला, असा प्रश्न होता. उत्तर ऐकून सगळे हसले, आणि त्या दिवसापासून तो दोनदाकाका झाला. पुढं आलेल्या नव्या लोकांना तर तेच त्याचं खरं नाव वाटायचं. एकानं पाकिटावर तसं लिहून पत्र टाकलं आणि पत्र बिनचूक पोचलं.

भाची त्याला मामाच म्हणायची. त्याच्या घराच्या तळमजल्यावर तिचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. वर मामा आणि मामी राहायचे, खाली ती दिवसभर चाकं सरळ करत बसायची. जिना आतूनच होता, त्यामुळं वर काय शिजतंय ते खाली कळायचं आणि खाली कोणाशी वाजलं ते वर.

मामानं सत्तावीस वर्षं वनखात्यात खडी दाबायचं काम केलं. हातानं धरून चालवायचं यंत्र, त्याच्या पोटात इंजिन. दांडा असा थरथरायचा की दुपारी जेवायला बसल्यावर पहिले दोन-चार घास तोंडाचा रस्ता चुकायचे. लाकूड काढण्यासाठी डोंगरात कापलेले ते कच्चे रस्ते, त्यातले निम्मे त्याच्या हातांखालून गेले होते. निवृत्त झाला तेव्हा म्हणाला, आता त्या खडीचं तोंड बघायचं नाही. मग भाचीनं त्याच्यासाठी एक सायकल जुळवली, रुंद टायरांची, खाली वळलेल्या हँडलची, खडीवर चालेल अशी. जरा चालवून बघतो म्हणून तो सकाळी निघाला आणि दिवस कलताना परत आला. पँटला चिखल, भुवयांवर धूळ. यंत्रामागून चालताना रस्ता त्याला वीतवीत दिसायचा. सत्तावीस वर्षं केलेली वस्तू त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा सलग बघितली होती. तसं काही तो बोलला नाही. फक्त सायकल उभी करताना म्हणाला, “तिसऱ्या वळणावर पाणी चुकीच्या बाजूला काढलंय आम्ही.”

मामी याच्यावर म्हणायची की माणूस पहिल्यापासून असाच. मला मागणी घालायलासुद्धा दोनदा आला. पहिल्यांदा मी नाही म्हटलं म्हणून नव्हे. परत जाताना घर त्याला वेगळं दिसलं म्हणून.

पानगळीच्या तोंडावर मंडळाची मोठी फेरी निघायची. एकशे दहा किलोमीटर, चार डोंगर, सगळं जंगलातून, डांबर नावाला. दीड-दोनशे सायकली यायच्या, त्यातली निम्मी माणसं त्या भागात पहिल्यांदाच आलेली असायची. त्यांना वाट दाखवायचे ते मामाचे बाण. लाकडाच्या पट्ट्या तो स्वतः कापायचा, पिवळ्या रंगवायचा, दोन भोकांतून तार ओवून झाडाला बांधायचा. फेरीच्या आधीचा महिनाभर तो रोज एकेक रस्ता घ्यायचा आणि प्रत्येक रस्ता चढून बघायचा, उतरून बघायचा. कारण साधं होतं. चढताना दम लागलेला असतो, मान खाली असते, वेग पायी चालण्याइतका. मागच्या बाजूनं येऊन मिळणारा दुसरा रस्ता तुमच्या पाठीशी राहतो आणि तुम्ही तो न बघताच पुढं जाता. तोच रस्ता वरून वेगानं येताना समोर फाटा होऊन उभा राहतो, आणि डावं की उजवं ते एका श्वासात ठरवायचं असतं. बाण तिथं लागतो, आणि तिथं बाण लागतो हे उतरल्याशिवाय कळत नाही.

दुकानात भाचीच्या बाकाखाली एक पत्र्याचा डबा होता. त्यात ती झिजलेली ब्रेकची पॅड टाकायची. डिस्क ब्रेकचं पॅड म्हणजे नखाएवढी पातळ वडी, पोलादी पट्टीला चिकटवलेली. सपाट रस्त्यावर ती दोन-दोन वर्षं टिकते. खडीच्या उतारावर, चिखलात, धुळीत, ती पेन्सिलीसारखी उतरते. मामाची पॅड भाची दर हंगामात एकदा बदलायची, कधी दोनदा. काढलेलं पॅड तो उजेडाकडं धरून बघायचा, अंगठ्याचं नख घासून किती उरलंय ते जोखायचा आणि कोणत्या डोंगरावर ते गेलं ते सांगायचा. डब्यातली निम्मी पॅड त्याचीच असतील.

यंदा फेरीच्या तीन दिवस आधी तिनं त्याची सायकल स्टँडला लावली. नवी पॅड बाकावर काढूनच ठेवली होती. पुढचं चाक उतरवलं, पिन काढली, पॅड हातात घेतलं, आणि बाकावरच्या नव्याशेजारी धरून बघितलं. वसंतात तिनं स्वतः बसवलेलं पॅड होतं. आज बसवल्यासारखं होतं. कडेची धारसुद्धा मोडली नव्हती. मागचंही तसंच. चेन मात्र हंगामभर ताणलेली, मोठ्या चक्रांचे दाते झिजलेले. म्हणजे सायकल चढली होती, भरपूर चढली होती. उतरली नव्हती. मग तिनं सीटवरून हात फिरवला तर एका अंगाला काहीतरी चिकट लागलं. वास घेतला. पाइनची राळ. फ्रेमच्या खालच्या नळीला सालीचा तुकडाही अडकलेला होता.

मामा जिन्यावरून उतरत होता. तिनं विचारलं, “पॅड बदलू का?”

“राहू दे,” तो म्हणाला. “आहेत अजून.”

एवढंच. ती पॅड तिनं परत जागच्या जागी बसवली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, एखाद्या वर्षी हळू उतरला असेल, सायकल हातात धरून चालत उतरला असेल, आपण कशाला खोदायचं, असं तिनं स्वतःला सांगितलं. सांगताना स्वतःलाच ते पटलं नव्हतं, हे तिला नंतर नीट आठवलं. चालत उतरणाऱ्याच्या सीटला राळ लागत नाही.

फेरीच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला, बाकीच्यांच्या बऱ्याच पुढं असताना, गणिताच्या बाई पडल्या. शाळेत शिकवायच्या, चाळिशीच्या आतबाहेर, मंडळात तिसरं वर्ष. टेहळणी मनोऱ्याच्या खालच्या उतारावर रस्ता दोन झाला. डावीकडचा रुंद, ताज्या खडीचा, उजवीकडचा जुना आणि पानांनी झाकलेला. बाण नव्हता. कुठल्याही शहाण्या माणसानं डावीकडं वळावं तशा त्या वळल्या. तो रस्ता लाकूडवाल्यांनी याच उन्हाळ्यात ओंडके ओढायला काढलेला होता आणि तीनशे मीटरवर ओढ्याच्या काठाला तुटत होता. गळ्याजवळचं हाड मोडलं, मनगट मोडलं. पाऊण तासानं मागच्या एका सायकलवाल्याला त्यांची हाक ऐकू आली. दवाखान्यात त्या म्हणाल्या, काठ दिसल्यापासून पडेपर्यंत पुरेसा वेळ होता, मी वेग काढला, थांबणं शक्य नाही असं उत्तर आलं.

खापर दोन दिवसांत फुटलं ते ट्रक ड्रायव्हरच्या डोक्यावर. वरच्या खिंडीतून खाली लाकडाच्या वखारीत ओंडके आणणारा हा माणूस, तोंडानं फाटका. गेल्या वर्षी एका अरुंद वळणावर सायकलवाल्यांशी त्याची जुंपली होती, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होता की तुमचे बाण एक दिवस चुलीत घालतो. मंडळाची दोन माणसं त्याला विचारायला गेली तर ट्रकच्या काचेमागं एक पिवळा बाण पडलेला दिसला. तार न लावलेला, पण मामाचाच. हा कुठून आला, विचारल्यावर ड्रायव्हरनं खांदे उडवले. मी कुठला बाण काढला नाही, इतकंच तो म्हणाला.

मंडळाचे सचिव दातांचे डॉक्टर होते. त्यांनी वनखात्याच्या नावानं पत्र तयार केलं: या इसमाचा जंगलातल्या रस्त्यांवर गाडी चालवायचा परवाना रद्द करावा. रविवारी चार वाजता बैठक, भाचीच्या दुकानात. तिथं पत्रावर सह्या व्हायच्या होत्या. ड्रायव्हरलाही बोलावलं होतं. त्याची बाजू ऐकल्याशिवाय सही करायची नाही, असं गणिताच्या बाईंनीच कळवलं होतं.

मामा त्या दिवसापासून खाली उतरला नव्हता. भाची वर गेली तर मामी भाजी निवडत होती आणि मामा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसला होता.

“चार दिवस असाच बसलाय,” मामी मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. “भिंत एव्हाना दोन्ही बाजूंनी बघून झाली असेल.” मग मामीनं आवाज खाली आणला. “थंडी सरल्यापासून शर्टाची बटणं मी लावते. बोटांत जीव नाही. पाणी गरम की गार ते कळत नाही त्याला. कोणाला सांगायचं नाही म्हणालाय.”

“मग मला सांगतेस ते?”

“तुला कुठं सांगतेय. बटणांचं बोलतेय मी.”

शनिवारी दुपारी ट्रक ड्रायव्हर दुकानात आला. सायकल त्याच्याकडं नव्हती. दारात उभा राहून त्यानं टायरमध्ये हवा भरायचा पंप उगाच हातात घेतला, ठेवला. भाची एका चाकाच्या तारा ताणत होती. ती मान वर न करता म्हणाली की मामाच्या सीटला राळ आहे, तुझ्या ओंडक्यांची.

त्यानं दार लोटून घेतलं. मग जे सांगितलं ते असं. चैत्र-वैशाखाच्या सुमारास खिंडीत मामा त्याला भेटला. सायकलला टेकून उभा होता. म्हणाला, उतारावर ब्रेक दाबतो पण दाबला की नाही ते बोटांना समजत नाही. खाली सोडशील का? सायकल ओंडक्यांवर बांधली, मामाला शेजारी बसवलं, डांबरी रस्त्यानं खाली आणलं. मग ते नेहमीचंच झालं. मामा सकाळी कच्च्या रस्त्यानं वर चढायचा, दुपारी ट्रकनं खाली यायचा. ट्रकमध्ये दोघं फारसं बोलत नसत. एकदा मामाच्या पिशवीतून एक जास्तीचा बाण सीटखाली घसरला. ड्रायव्हरनं तो काचेमागं ठेवला, पुढच्या खेपेला देऊ म्हणून.

“मग त्यांना सांग ना हे,” भाची म्हणाली. “उद्या परवाना जाईल तुझा.”

“काकांनी सांगितलंय, माझ्या गाडीत बसले हे कोणाला कळू द्यायचं नाही. मी हो म्हटलंय.”

“आणि घर कशावर चालवणार?”

“बघू.” त्यानं पंप पुन्हा उचलला. “वीस वर्षांपूर्वी माझा ट्रक खड्ड्यात गेला होता. दिवसभर काकांनी आपलं यंत्र सोडून दगड भरले चाकाखाली. साहेबांना सांगितलं, रस्ताच खचला होता. रस्ता खचला नव्हता, मी झोपलो होतो.” मग तो जरा हसला. “मी नाही बोलणार. तुझा मामा आहे, तुला बोलायचं तर बोल.”

तो गेल्यावर तिनं त्या चाकाची एक तार इतकी ताणली की ती तुटली. सांगावं तर मामाच्या हातात एकच गोष्ट उरली होती, ती काढून घ्यायची, आणि तीही चारचौघांत. न सांगावं तर ज्यानं तोंड मिटलं त्याच्याच तोंडचा घास जायचा. आणि तिसरी गोष्ट होती, जिच्याकडं ती रात्रंदिवस कानाडोळा करत होती: फेरीच्या तीन दिवस आधी पॅड तिच्या हातात होती. तिनं विचारलं असतं, तर कोणीतरी जाऊन तो उतार उतरून बघितला असता.

रविवारी चार वाजता दहा-बारा माणसं आली. बसायला स्टुलं पुरली नाहीत, काहीजण टायरांच्या थप्पीवर टेकले. गणिताच्या बाई हात गळ्यात बांधून आल्या होत्या. त्यांना दुकानातली एकुलती खुर्ची दिली. ड्रायव्हर दाराजवळ उभा राहिला, टोपी हातात. सगळ्यात शेवटी जिन्यावर पावलं वाजली आणि मामा उतरला. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत नीट लावलेली. तो कोणाकडं न बघता आपल्या सायकलीजवळ जाऊन उभा राहिला. ती भिंतीवरच्या आकड्याला टांगलेली होती.

डॉक्टरांनी पत्र वाचलं. भाषा चांगली होती, दात काढण्यापूर्वी बोलतात तशी, दुखणार नाही असं वाटावं अशी. हेतुपुरस्सर हा शब्द त्यात दोनदा आला. वाचून झाल्यावर त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, काही म्हणायचं आहे का.

“मी बाण काढला नाही,” ड्रायव्हर म्हणाला.

“मग गाडीत आला कसा?”

ड्रायव्हर टोपीकडं बघत राहिला. टायरांवरून कोणीतरी म्हणालं की चालत आला असेल. एक-दोघं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं की त्या फाट्यावर बाण होता, हे कोणी बघितलं होतं का? लावलेला बाण काढला, असं पत्रात आहे. लावला होता, हे गृहीत धरलंय.

डॉक्टर जरा दुखावले. “काकांनी बघितलेला रस्ता आहे बाई तो,” ते म्हणाले. “काका प्रत्येक रस्ता दोनदा बघतात. त्यांच्यावर संशय घ्यायचा तर मग मंडळच बंद करू.”

सगळ्यांनी माना हलवल्या. पत्र बाकावर आलं, पेन आलं. भाचीनं हातातलं फडकं ठेवलं. ती उठली. “एक मिनिट,” ती म्हणाली, आणि तेवढ्यात मागं आकडा वाजला.

मामानं सायकल खाली काढली होती. ती त्यानं स्टँडला लावली. मग बाकावरचा पाना घेतला आणि पुढच्या चाकाचा दांडा सोडवायला लागला. पाना दोनदा निसटला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकवत नाही, हाताला चाळा म्हणून काहीतरी करतोय. डॉक्टरांनी क्षणभर थांबून पुन्हा बोलायला सुरुवात केली आणि मग तेही थांबले, कारण चाक निघालं होतं आणि मामा पकड घेऊन ब्रेकच्या पिनेची वाकवलेली टोकं सरळ करत होता. भाचीला ते काम अर्ध्या मिनिटाचं होतं. मामाची बोटं पिनेला लागत होती पण धरत नव्हती. पकड सुटली, फरशीवर पडली. भाची एक पाऊल पुढं आली. मामानं तिच्याकडं बघितलं. ती जागीच थांबली.

त्यानं वाकून पकड उचलली. या वेळी दोन्ही हातांनी धरली. पिन निघाली, फरशीवर उडी मारून बाकाखाली गेली. त्यानं पिनेकडं लक्ष दिलं नाही. पॅड ओढून काढली, दोन. मग मागचं चाक. त्याला किती वेळ लागला ते कोणी घड्याळात बघितलं नाही. रस्त्यावरून एक गाडी गेली, वर मामीनं नळ बंद केला.

ड्रायव्हर हळूच म्हणाला, “काका, राहू द्या.”

चारही पॅड मामानं तळहातावर घेतली, बाकापाशी आला आणि सह्यांच्या पत्रावर एकाशेजारी एक मांडली. मग तो बाजूला झाला, लोकांना नीट दिसावं म्हणून.

तिथं बसलेल्या एकाही माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. प्रत्येकानं त्या हंगामात आपली पॅड भाचीच्या डब्यात टाकली होती. बाईंनी चांगल्या हातानं एक उचललं, उजेडाकडं धरलं, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं, धार शाबूत होती. त्यांनी ते डॉक्टरांच्या हातात दिलं. डॉक्टरांनी चष्मा वर केला, जवळून बघितलं आणि पॅड शेजारच्याला दिलं. तसं ते फिरत गेलं, हातातून हातात, टायरांच्या थप्पीपर्यंत, आणि शेवटी दाराशी ड्रायव्हरपाशी पोचलं. तो ते न बघता मुठीत धरून राहिला.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. पत्र मात्र तसंच पडून होतं, कारण त्याच्यावर तीन पॅड होती आणि ती हलवायला कोणी हात पुढं करेना.

“काका,” बाई म्हणाल्या. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

मामानं हात शर्टाला पुसले. सायकल स्टँडवर होती, बिनचाकाची, बिनब्रेकांची. तिच्या सीटवर त्यानं एकदा तळवा टेकवला आणि उचलला. जिना उजव्या हाताला होता. तो तिकडं वळला नाही. टायरांवर बसलेल्यांनी पाय आत घेतले, ड्रायव्हर दारातून बाजूला सरकला, आणि मामा उंबरा ओलांडून रस्त्यावर आला, आणि मनोऱ्याच्या डोंगराच्या बाजूला चालू लागला.